टोपीखालचं कुंकू

एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. सातवीपर्यंतच्या शाळेत हा पाढा मला कुणी शिकवला नव्हता. तो मी लग्नानंतर शिकले, चाकणला, अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या बॉनेटखाली वाकून. इंजिनात सहा सिलिंडर, आणि त्यांत ठिणगी पडते ती या क्रमाने. एकानंतर दोन का नाही, असं मी यांना विचारलं. हे म्हणजे माझे यजमान. हे म्हणाले, सगळी माणसं एकाच अंगाला बसली तर बैलगाडी कलंडते, तसंच इंजिनाचं. मला ते पटलं. तेव्हा यांचं मला सगळंच पटायचं.

गाडी जुनी होती. मोठ्या लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली, पेट्रोलवर चालणारी. सासऱ्यांनी ती घेतली, बरीच वर्षं चालवली, आणि जाताना दोन गोष्टी यांच्या हवाली करून गेले: एक गाडी आणि दुसऱ्या सासूबाई. दोघींपैकी कोण कधी तापेल याचा नेम नव्हता. गाडीला निदान वरून पाणी ओतता यायचं. हे चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटा भरायचे, तळेगावावरून मुंबईच्या रस्त्याला लागायचे आणि माल उतरवून परत यायचे. गेले की दोन दिवस, तीन दिवस. घाटात काही बिघडलं तर चौथा दिवस. निरोप द्यायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी मी भाकरी करायची आणि ती दुरडीत वाळायची.

परत येताना गाडीचा आवाज आधी ओढ्यापाशी ऐकू यायचा. मी हातातलं काम टाकून कान द्यायची. साही सिलिंडर नीट चालत असली तर आवाज सलग यायचा, आणि एखादं चुकत असलं तर मधेच उचकी लागायची; हे त्याला मिसिंग म्हणायचे. हे अंगणात गाडी उभी करायचे, पण लगेच खाली उतरायचे नाहीत. दार उघडून तिथंच बसायचे, एक पाय पायरीवर, आणि मी तांब्या घेऊन गेले की तिथूनच सगळा प्रवास सांगायला लागायचे. खंडाळ्याला कुणाची गाडी दरीकडे सरकली, कुठल्या हॉटेलवाल्याने चहात आलं घालणं बंद केलं, मुंबईत एका माणसाने यांना किती वेळ चुकीचा रस्ता दाखवला. हात काळे, डोळे तांबडे, आणि तोंडाचा पट्टा चालू. सासूबाई आतून ओरडायच्या, आधी जेव म्हणून. मला वाटायचं, जेवण मरो, हे असंच चालू राहू दे.

गाडी बिघडली की तिच्या दुरुस्तीला मी लागायची. दुसरं होतं कोण? मी केबिनमध्ये बसून पायाने ॲक्सिलरेटर दाबून धरायची, आणि हे लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर एकेका प्लगच्या डोक्यावरून इंजिनाला टेकवायचे. तसं केलं की त्या सिलिंडरची ठिणगी बंद पडते आणि आवाज खाली बसतो. ज्या प्लगला टेकवलं तरी आवाज बदलत नाही, तो प्लग आधीपासूनच बंद. ते ओळखणं मला इतकं जमायला लागलं की स्क्रू ड्रायव्हर टेकवायच्या आधीच मी आतून सांगायची, चौथा गेलाय बघा. आणि तो चौथाच असायचा. हे बाजारात सांगत फिरायचे की आमची कारभारीण कानाने प्लग ओळखते. सासूबाईंना ते आवडायचं नाही. सुनेच्या कानाचं कौतुक ऐकायला कुठल्या सासूला आवडेल?

या सगळ्यात मला जास्त आवडायचा तो डिस्ट्रिब्युटर. इंजिनाच्या कुशीला बसवलेलं एक भांडं, त्यावर काळी टोपी, टोपीला सात तारा. मधली तार बॅटरीचा करंट वाढवणाऱ्या कॉइलकडून करंट आणते, कडेच्या सहा तारा सहा प्लगांना देतात. टोपीखाली एक लहानसा रोटर गरगर फिरतो आणि पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखा एकेकाच्या पानात ठिणगी वाढत जातो. हे टोपी काढून मला दाखवायचे आणि म्हणायचे, गाडीचा जीव इथं आहे, बाकी सगळं लोखंड. दोन बाजूंच्या दोन क्लिपा बोटाने दाबल्या की टोपी निघायची. ती काढायला आणि बसवायला मी पहिल्या वर्षातच शिकले.

पण सुखाचे दिवस सांगताना माणूस दुसरी बाजू गिळतो, तसं मी करणार नाही. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा हे घाटात अडकले होते. तीन दिवसांनी आले. नेहमीसारखा हॉर्न वाजवत आले, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर गाडी निघाली की ती ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मी दारातच उभी राहायची. मी यांना एका शब्दाने बोलले नाही. त्या काळी आम्ही बायका नवऱ्याला काय बोलायचं याची मनात तयारी करायचो आणि आयत्या वेळी भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारायचो.

त्या वर्षांत पिंपरी-चिंचवडला रोज एक नवी कंपनी उभी राहायची असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. माझा थोरला भाऊ तिथल्या एका कंपनीत लागला होता. त्याने साहेबाच्या कानावर घातलं की मेव्हण्याचा हात इंजिनात चांगला बसलाय. दसऱ्याच्या तोंडावर पत्र आलं, दसऱ्यानंतर आठ दिवसांत कामावर हजर व्हा. यांनी पत्र वाचलं, घडी घालून कोनाड्यात ठेवलं आणि आम्हा दोघींना ऐकू जाईल असं म्हणाले,

"गाडी चालतीया तवर मी कुनाच्या दारात उभा ऱ्हानार न्हाई."

सासूबाईंनी मान डोलावली. मी चुलीकडे तोंड केलं. मला ते पत्र हवं होतं, खोटं कशाला बोलू. पाळी संपली की घरी येणारा नवरा माझ्या भावजयीला मिळाला होता. मला तो का मिळू नये, एवढाच माझा हिशोब होता. पण पत्र जाणार वाया, हेही मला दिसत होतं, कारण गाडी चालत होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्यांच्या घरी नांगर-विळा मांडतात, आमच्याकडे पाटावर नट खोलायचे पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि गाडी चालू करायचं हँडल. सकाळी यांनी गाडी पार धुतली. टोपीखालचे करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट कानशीने घासले, त्यांतली फट दुमडलेल्या पोस्टकार्डाने मापली, टोपी आतून-बाहेरून पुसून बसवली. दुपारी हे झेंडूची फुलं आणि लिंबं आणायला बाजारात गेले. सासूबाईंनी मला तबक दिलं आणि गाडीला हळदकुंकू लाव म्हणाल्या.

मी पुढच्या जाळीला लावलं, बॉनेटला लावलं, चारी चाकांना लावलं, स्टिअरिंगला लावलं. तबकातलं कुंकू पाण्याने चांगलं कालवलेलं होतं. लावून झालं आणि मनात आलं, हे सगळं तर लोखंड. जीव राहिलाच की. मी बॉनेट उचललं, क्लिपा दाबल्या, टोपी काढली. रोटरच्या माथ्याला एक बोट लावलं. टोपी उताणी करून तिच्यातल्या सहा खुणांना सहा बोटं लावली, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार, अशी ओळीने. कुंकू ओघळून दोन खुणांच्या मधे उतरलं तेही शुभच वाटलं. यांना नेतेस तशी सुखरूप आण, एवढं म्हटलं आणि टोपी बसवून टाकली. गाडीची एवढ्या बारकाईने पूजा कुणी केली नसेल, म्हणून मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. करायला गेले गणपती, झाला मारुती.

दसऱ्याला सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडीने ती चिरडून चार पावलं पुढे जायचं, असा रिवाज. हे सदरा घालून, टोपी डोक्यावर ठेवून हँडल मारायला उभे राहिले. एकदा मारलं, दोनदा मारलं. गाडी खोकली, सायलेन्सरमधून एक बार काढला आणि गप्प झाली. मग काही केल्या हूं की चूं नाही. लिंबं होती तशी राहिली. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, ऐन दसऱ्याला अडली, ही आता नाही म्हणतेय. पूजेतली हत्यारं त्या दिवशी उचलायची नाहीत म्हणून उद्या बघू असं ठरलं. पुरणाचं जेवण झालं आणि घर आडवं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे कामाला लागलो. यांची पद्धत ठरलेली होती: करंट जिथून निघतो तिथून सुरुवात करायची आणि त्याच्या मागोमाग जायचं. आधी बॅटरी. ती ठीक. मग कॉइल. टोपीत मधे जाणारी तार मी उपसली आणि तिचं टोक कोरड्या फडक्यात धरून इंजिनापासून करंगळीच्या नखाएवढं लांब ठेवलं. हे हँडल फिरवायला लागले. टचक टचक करत निळी जाड ठिणगी पडायला लागली. म्हणजे बॅटरी चांगली, कॉइल चांगली, पॉइंट चांगले. करंट टोपीपर्यंत व्यवस्थित येत होता. मग तार परत बसवून एका प्लगची तार काढली आणि तसंच धरून पाहिलं. तिथं काही नाही. दुसरी पाहिली. एखादी पिवळट, मरतुकडी ठिणगी, तीही भलत्याच वेळी.

टोपीपर्यंत येतो आणि टोपीतून पुढे जात नाही. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं, आणि त्याच क्षणी टोपीतलं कुंकू डोळ्यांसमोर आलं. आता हे क्लिपा दाबणार, असं मी धरून चालले. हे म्हणाले,

"टोपी तर नवमीला सकाळीच पुसून बसवलीया. तिथं काय आसनार."

आणि प्लग खोलायला लागले. मी मनात म्हटलं, स्वतःच्या हातावर फार भरवसा माणसाचा. आत्ता सांगू, मग सांगू, करता करता मी सांगितलंच नाही. पहिल्यांदा भीतीने सांगितलं नाही. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, आणि देवाचं कुंकू नको तिथे लावून दसऱ्याला गाडी अडवणारी सून त्यांना वर्षभर पुरली असती.

दुपारपर्यंत भीती ओसरली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. गाडी बंद आहे. कोनाड्यात पत्र आहे. गाडी चालते तोवर, असं हे म्हणाले होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

हे काम करत राहिले. साही प्लग चुलीतल्या निखाऱ्यावर तापवून, घासून परत बसवले. कंडेन्सर बदलला. बदलून पुन्हा जुनाच बसवला. तारा एकेक करून वाकवून पाहिल्या, टायमिंग पुन्हा जुळवलं. प्रत्येक गोष्टीनंतर हँडल मारायचे, गाडी खोकायची, आणि हे कपाळ पुसत माझ्याकडे बघायचे. तुझा कान काय म्हणतो, असं विचारायचे. मी म्हणायची, मला नाही कळत. चार वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा म्हणत होते. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मी यांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते. दिला असता तर कदाचित काही दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी हे कॉइल तपासून आणायला तळेगावला गेले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी बॉनेट उचललं आणि टोपी काढली. कुंकू होतं. वाळलेलं, आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत त्याच्यावर केसाएवढी काळी रेघ जळून उमटलेली. ठिणगी पुढे जायचं सोडून त्या रेघेवरून आतल्या आत पळत होती. पुसायला पदराचं टोक पुरलं असतं. मी ते टोक हातात घेतलंसुद्धा. मग मला ते तीन दिवस आठवले, आणि बाळ गेल्यावर अंगणात वाजलेला हॉर्न आठवला. मी पदर सोडला, टोपी होती तशी बसवली, बॉनेट खाली केलं आणि तांदूळ निवडायला बसले. माझे हात अजिबात कापत नव्हते, हे मला नंतर फार दिवस खटकलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हे गाडीच्या पायरीवर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं. सासूबाई बघत असताना मी यांच्या शेजारी कधी बसत नसे, पण त्या दिवशी बसले. यांनी दोन्ही काळे हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले,

"खरंच तुला कायच ऐकू येत न्हाई?"

मी म्हटलं, न्हाई. हे उठले, रॉकेलने हात धुतले, आत गेले आणि कोनाड्यातलं पत्र काढून खिशात घातलं. पुढे सगळं भराभर झालं. मोशीकडचा एक वीटभट्टीवाला गाडी घ्यायला तयार झाला. त्याने दुसरा ट्रक आणला, मधे दोर बांधला आणि आमची गाडी ओढत नेली. हे दोराबरोबर चालत वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. सासूबाई रडल्या. मी रडले नाही. हे बऱ्याच वेळाने परत आले आणि न जेवता झोपले. त्या आठवड्यात हे कंपनीत रुजू झाले.

चिंचवडला आम्हाला चाळीत दोन खोल्या मिळाल्या. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं. पाळी सुटली की हे घरी. पुढे दोन मुलं झाली, आणि दोन्ही वेळेला हे दवाखान्याच्या बाकावर हजर होते. गुरुवारी सुट्टी, तेव्हा पिशवी घेऊन मंडईत. चाळीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. मी हो म्हणायची. आणि तरी दुसऱ्या पाळीवरून हे आले, चपला काढल्या, मोरीवर पाय धुतले, की मी ताट वाढता वाढता थांबून राहायची, आता काहीतरी सांगतील म्हणून. आज काय झालं, असं विचारलं तर म्हणायचे, काय होणार, मशिन चालली. वाईट बोलणं नाही, रुसवा नाही. ताटातलं संपवायचे, पाणी प्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

पहिली काही वर्षं हायवेवरून एखादी जुनी पेट्रोलची गाडी गेली की यांची मान वळायची. मग सगळीकडे डिझेल झालं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही, ते दाबानेच पेट घेतं. यांना जे येत होतं ते कुणाला लागेनासं झालं, आणि मान वळायची थांबली. माझ्या कानाबद्दल यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. घासलेटचा स्टो मधेच फुरफुरायला लागला की मी मुद्दाम यांना ऐकू जाईल असं म्हणायची, मिसिंग मारतोय बघा. हे उठून पिन मारून द्यायचे आणि परत जागेवर जाऊन बसायचे. मला त्या पायरीवर बसलेल्या बडबड्या माणसाची इतकी आठवण यायची की कधी कधी समोर बसलेल्या या माणसाचा राग यायचा. याला काय म्हणावं? नवरा घरात आणि मी त्याच्या वाटेकडे डोळे लावून.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका गुरुवारी चाळीच्या मालकाच्या घरी लग्न निघालं आणि त्यांनी आपली जुनी पेट्रोलची जीप नवऱ्यामुलासाठी धुऊन काढली. बॉनेट उघडून आतसुद्धा पाइपाने पाणी मारलं. मग जीप चालू होईना. स्कूटर दुरुस्त करणारे दोघे आले, त्यांनी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवत आणली. कुणीतरी यांना हाक मारली. हे बनियनवर पेपर वाचत बसले होते, तसेच गेले. मी नळावर बादली लावून उभी होते, मला सगळं दिसत होतं.

यांनी ना बॅटरी पाहिली, ना कॉइल. थेट डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा दाबल्या, टोपी काढली, आत बघितलं, रुमालाच्या टोकाने पुसली, फुंकर मारली, बसवली. मारा सेल्फ, म्हणाले. जीप चालू झाली. हात पुसत पुसत हे त्या दोघांना सांगत होते, आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"गाडी धुतली न् चालू न्हाई झाली, पूजा केली न् चालू न्हाई झाली, की पयली टोपी उघडायची. ओल तिथंच बसती. बाकी कुठं हात लावायचा न्हाई."

बादली भरून वाहायला लागली होती. शेजारणीने नळ बंद केला. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती यांना. नवमीला गाडी धुतली होती, पूजाही केली होती, आणि तरी त्या खेपेला हे चार दिवस प्लग तापवत बसले होते.

हे घरी आले. मी चहा केला, कपबशी समोर ठेवली आणि तिथेच बसले. दसऱ्याला गाडी बंद पडली तेव्हा टोपी कधी उघडली होती, असं मी विचारलं. हे चहा बशीत ओतत होते. हात थांबला नाही. म्हणाले, दुपारीच, तुम्ही सगळी झोपला होता तेव्हा.

मग यांनी सांगितलं, इतक्या वर्षांत एका दमात एवढं बोलले नव्हते. कुंकू बघून आधी हसू आलं, पुसून टाकावं आणि तुला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. मग बाळ आठवलं. वाटलं, हिला तोंडाने सांगता येत नाही म्हणून हिने असं सांगितलंय. म्हणून हात लावला नाही. रोज सकाळी तू पाण्याला गेलीस की उघडून बघायचो. पुसलेलं दिसलं असतं तर पत्र फाडून टाकणार होतो. तळेगावहून आलो तर एक क्लिप उलटी बसलेली. तू उघडून बघितलंस, हे कळलं. आत कुंकू तसंच होतं.

वीटभट्टीवाल्याला मात्र यांनी फसवलं नव्हतं. वळणापलीकडे दोर सोडायला लावला, टोपी पुसून दिली आणि हँडल मारलं. गाडी पहिल्या हँडलला चालू झाली. साही सिलिंडर चालत होती, असं हे म्हणाले. तिचा आवाज ऐकू येत होता तोवर हे रस्त्यात उभे राहिले होते.

मी म्हटलं, "मी ते देवाचं म्हनून लावलं व्हतं. गाडी बंद पडावी म्हनून न्हाई."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "लावलं आसशील," म्हणाले. "पन पुसलं न्हाईस."

मी खरं होतं तेच सांगितलं. "मला तुमी घरी पायजे व्हता."

"मंग," हे म्हणाले, "आलो की."

त्यात टोमणा नव्हता. चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी यांची पहिली पाळी होती. मी पहाटे उठून डबा केला आणि पोळ्या लाटता लाटता मला रडू आवरेना. मी ज्याला घरी बोलावत होते तो माणूस गाडीतूनच उतरून यायचा, आणि ती गाडी मी पदराच्या टोकाएवढ्या कामासाठी जाऊ दिली. हे उठून मोरीवर आले, माझे डोळे बघितले, धूर झालाय का विचारलं. मी हो म्हटलं, आणि यांनी खिडकी उघडून दिली.